न पडलेली भिंत

१

“डॉक्टरीणबाई, ह्या भिंतीखाली कुनी माणूस मेलेला न्हाई.”

लालासाहेब जगदाळे हे बोलले तेव्हा ते मागच्या खोलीत भिंतीपाशी उकिडवे बसले होते. भिंतीत एक देवळी होती, पणती ठेवायची. तिच्या आतल्या कडेला ते खिशातल्या चाकूनं हळूहळू खरवडत होते. मी दारात उभी होते. आधी मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“अहो, असं कसं म्हणता? सगळं पाटण सांगतं. भूकंपात हीच भिंत जोतीराम मोहित्यांवर पडली.”

“पाटण सांगतंय. भिंत काय सांगती ते बघा की. या, जवळ या.”

मी वाकून पाहिलं. चाकूनं खरवडलेल्या जागी कांद्यासारखे पापुद्रे दिसत होते. पांढरा चुना, त्याखाली काजळी, परत चुना, परत काजळी, आणि सगळ्यात आत पिवळी माती.

“दिवाळीला चुना द्यायचा, वरीसभर दिवा लावायचा, म्हंजे काजळी धरायची. पुन्ना चुना,” लालासाहेब म्हणाले. “ह्यात कितीतरी दिवाळ्या हायेत. भूकंपानंतर बांधलेल्या भिंतीत एवढ्या दिवाळ्या आल्या कुठनं?”

भूकंपाला तेव्हा सहा वर्षं होऊन गेली होती. मी, कुमुद मगदूम, मूळची सांगलीची. कराडला नोकरी करताना एक गोष्ट वारंवार पाहिली होती. कोयनेच्या वरच्या अंगाच्या बायका डोलीतून, बैलगाडीतून खाली यायच्या आणि पुष्कळदा उशिरा पोचायच्या. म्हणून पाटणलाच प्रसूतिगृह काढायचं मी मनाशी धरलं. गावाबाहेर मळ्यातलं मोहित्यांचं घर मला पसंत पडलं. रस्त्याला लागून, मोठं, विहिरीला पाणी. कर्ज देणाऱ्या बँकेनं मात्र अट घातली. घरात आजवर जे फेरबदल झाले ते कुणी, कधी आणि कसे केले, आणि ते मजबूत आहेत की नाहीत, याचा जाणकार माणसाचा दाखला हवा. भूकंपाच्या भागात त्याशिवाय कुठल्याही घराला कुणी हात लावत नव्हतं.

लालासाहेब रहिमतपूरचे. बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, नुकतेच निवृत्त झालेले. अंगानं बारीक, डोळ्यांनी चौकस, हातात कायम एक लहानशी हातोडी. भिंतीवर ती टकटक वाजवून कान लावायची त्यांची सवय मला माझ्या स्टेथोस्कोपसारखी वाटायची.

घराचे मालक दादासो मोहिते यांनी सांगितलेला तपशील सरळ होता. भूकंपात मागची भिंत पडली, धाकटा भाऊ जोतीराम त्याखाली गेला, नंतर ती भिंत सिमेंटात नवी बांधली. बाकी घराला धक्का नाही आणि फेरबदलही नाही. बाहेरून ती भिंत खरोखर नवी दिसायची. सिमेंटचा गिलावा अगदी गुळगुळीत. घरातली सगळ्यात भक्कम भिंत तीच, असं धरून मी तिच्यावर स्लॅब टाकून पाण्याची टाकी बसवायचं ठरवलं होतं. तिच्याखाली बाळंतिणीची खोली.

लालासाहेबांनी भिंतीच्या बुडाशी चाकूचं टोक खुपसलं. ते लोण्यात शिरावं तसं आत गेलं.

“गिलावा नवा. भिंत जुनी. बाहेरनं नवा सदरा घातलाय नुस्ता,” ते म्हणाले. “आणि आतनं भुसभुशीत झालीय. हिच्यावर तुमची टाकी ठेवली असती तर...”

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर मात्र ते पुरं झालं.

बाहेर दादासोंच्या कोल्हापुरी वहाणांचा आवाज आला. लालासाहेब पटकन उठले, देवळीवर तळहात फिरवला आणि माझ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं.

२

दादासो हा रुबाबदार माणूस. इस्त्रीचं धोतर, टोपी तिरकी, बोलणं मोकळंढाकळं. बाजारपेठेत त्यांचं खताचं दुकान होतं आणि ते आता तिथंच राहायला गेले होते. मळ्यातल्या घरात उरल्या होत्या दोघी. त्यांची आई साळूबाई, आणि जोतीरामची बायको हरणाबाई. विक्रीला हरणाबाईचीही सही लागणार होती.

“झालं का वो बघून, लालासाहेब? भिंत कशी हाय?” दादासोंनी विचारलं.

“झ्याक. बरं, भिंत पडली तवा सरकारची मदत घेतली आसंल न्हवं? पत्रं, लाकूड?”

“छ्या! आमी न्हाई मागितली. हात पसरायची आमच्यात चाल न्हाई.”

दादासो निघून गेल्यावर मी म्हटलं, “मला वाटलं होतं, न पडलेली भिंत पडली दाखवून मदत लाटली असेल. तसंही नाही.”

“तेच तर डोक्यात घोळतंय,” लालासाहेब म्हणाले. “मानी मानसंबी त्या वक्ताला रांगेत उभी हुती, बाई. मी सोता वाटलंय सामान. ज्याची भिंत पडली, माणूस गेला, त्यो सरकारी माणसाला दारात येऊ देत न्हाई. का? तर सरकारी माणूस आला की आधी घर बघतो.”

हरणाबाई घरामागच्या परड्यात शेंगा फोडत बसली होती. पस्तिशीची असेल, पण चेहरा त्याहून थकलेला. जोतीराम पलटणीत होता, त्याची पेन्शन तिला मिळायची. घर विकलं की ती आष्ट्याला माहेरी जाणार होती. मी शेजारी बसले आणि मीही शेंगा फोडायला घेतल्या. लालासाहेब थोडे अंतर राखून विहिरीच्या कठड्यावर टेकले.

“भूकंप झाला तवा तुमी हितं हुता का, वैनी?” त्यांनी विचारलं.

तिचे हात थांबले.

“न्हवते. दिवाळीला आष्ट्याला गेले ती आलेच न्हाई. ह्यांना कळवलं हुतं, वेगळी चूल मांडणार आसला तरच मी येती. ते सुट्टीवर आले, तरी मी आले न्हाई.” ती शेंगेची टरफलं बोटानं एका जागी गोळा करू लागली. “आमच्यात बायका माजघरात निजत्यात, गडी फुडच्या सोप्यात. कायमचंच. पर मी आले न्हाई म्हनून ते रुसले. सोपा सोडून मागच्या खोलीत एकलेच जाऊन पडले. आन तीच भिंत पडली.”

“हे कुणी सांगितलं तुम्हाला?” मी विचारलं.

“आत्याबाईंनी, माझ्या सासूनं. सोप्याला तर कायबी झालं न्हाई, बाई. मी आले आसते तर ते सोप्यात निजले आसते.” ती हे इतक्या सपाट आवाजात म्हणाली की रोज मनात म्हणत असावी. “माझ्या हट्टानं मेले ते.”

लालासाहेब कठड्यावरून पुढं वाकले.

“तुमी कवा पोचला मग?”

“रस्तं फुटलं हुतं, यष्टी बंद. चालत, बैलगाडीनं, कसंबसं आले. तवर माती झाली हुती. मला परड्याच्याच वाटेनं आणलं. सोपा नुकता सारवलेला हुता, ओला हुता, तिकडं जाऊ दिलं न्हाई.”

“आणि मागची खोली?”

“तिला कुलूप घातलं थोरल्या भाऊजींनी, बाहेरनं पत्रं लावून भिंत झाकली. माझाबी पाय वळला न्हाई. ह्या सहा वर्सांत तिथं एक दिवा लागलेला न्हाई. तुमच्यासाठी उघडली तीच.”

दिवा लागलेला नाही. म्हणजे देवळीतली सगळी काजळी भूकंपाच्या आधीची. भिंत जुनीच होती, यात आता काही शंका उरली नाही.

“एक शेवटचं,” लालासाहेब उठता उठता म्हणाले. “तुमी गेला तवा सोप्यात जे खांब हुते, तेच हायेत का आता?”

हरणाबाईनं डोकं हलवलं. “बदललं. जुन्यास्नी वाळवी लागली हुती म्हनं. का वो?”

“काय न्हाई. सहज.”

पण परत जाताना त्यांची चाल बदलली होती. खिशातली हातोडी त्यांनी काढून हातात घेतली होती.

३

भिंतीचा गिलावा करणारा गवंडी गुंडा पाटणातच होता. एका ओट्याचं काम चाललं होतं तिथं आम्ही त्याला गाठलं. उन्हातान्हानं रापलेला, अबोल माणूस. लालासाहेबांनी त्याला तंबाखू दिली, स्वतःही मळली.

“मोहित्यांची मागची भिंत तू बांधलीस न्हवं?”

“व्हय.”

“पायापासनं?”

“व्हय की. पायापासनं.”

“दगुड कुठला वापरला?”

“पडलेलाच. त्योच परत.”

“बरं केलंस. आणि देवळी कुणाच्या सांगण्यावरनं ठेवलीस रं?”

गुंडानं तंबाखू तोंडात टाकली. “देवळी... देवळी आसतीच की घरात.”

“आसती. पण नव्या भिंतीत जुनी काजळी भरून देणारा गवंडी मी आजवर पाह्यला न्हाई, गड्या.”

गुंडा थापी खाली ठेवून उभा राहिला. कपाळावर घाम आला होता, पण तो कामाचा नव्हता.

“सायेब, मी भिंतीचं बोलतो. सोप्याचं लाकूडकाम सुतारानं केलं. त्यातलं मला कायबी ठावं न्हाई.”

मी लालासाहेबांकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, “सोप्याचं तुला विचारलं कुणी?”

त्यानं थापी उचलली, पुन्हा ठेवली.

“दादासोला विचारा,” तो म्हणाला. “मी त्यांच्या अन्नावर वाढलोय. माझ्या तोंडातनं वदवून घेऊ नगा.”

रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, “म्हणजे सोप्यात काहीतरी झालंय.”

“सोप्यात कायबी झालं न्हाई, असं दोघांनी न विचारता सांगितलं. दादासोनं आधीच, साळूबाईनं सुनेला, आणि आता ह्यो न विचारता हात झटकतोय. न झालेल्या गोष्टीची एवढी काळजी कोण घेतंय?” ते चालता चालता थांबले. “बाई, तुमी त्या घरात शिरताना कधी अडखळला का?”

मी आठवू लागले. खरंच, पहिल्याच भेटीत मी सोप्यातून माजघरात जाताना पडता पडता वाचले होते. साळूबाई म्हणाल्या होत्या, नव्या माणसाचं होतं तसं.

“का बरं?”

“उंबरा ओलांडला आणि पाय एकदम खाली गेला.”

“बरोबर! सगळ्या जुन्या घरांत माजघर उंच, सोपा सखल. ह्या घरात सोपा उंच हाय. जमीन कुणीतरी भर घालून वर आणलीय. मग तिच्या पोटात काय हाय?”

४

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तेव्हा साळूबाई देवाला गेल्या होत्या. हरणाबाई एकटीच होती. लालासाहेबांनी तिला सरळच सांगितलं, “वैनी, सोप्याची जमीन थोडी उकरायचीय. घर तुमचंबी हाय. तुमी हो म्हणाला तरच.”

तिनं आतून कुदळ आणून दिली.

लालासाहेब सोपाभर हातोडीनं जमीन ठोकत फिरले. बद्द, बद्द, बद्द. दोन खांबांच्या मधोमध आल्यावर आवाज बदलला. टणक, कोरडा. तिथं त्यांनी कुदळ घातली. शेणामातीखाली मुरूम, मुरमाखाली सिमेंट. भर बाजूला सारत गेले तसा एक चौकोनी ओटा दिसू लागला, आणि ओट्यातून वर आलेले लोखंडाचे जाड बोल्ट.

“हे काय?” हरणाबाई पुढं आली.

“पिठाच्या गिरणीचा पाया. ह्या बोल्टांवर यंत्र बसवायचं आसतं.”

“गिरणी? आमच्या घरात कवा गिरणी आली?”

“आलीच न्हाई. पाया घातला, यंत्र यायच्या आधी कायतरी घडलं. बोल्ट बघा कसे हायेत.”

सगळे बोल्ट वाकलेले होते, आणि सगळे एकाच अंगाला, दाराकडे. ओट्याचा एक कोपरा फुटला होता. फटीत लाकडाची लांब ढलपी रुतून बसली होती. लालासाहेबांनी ती ओढून पाहिली, निघेना.

मग त्यांनी ओट्याची कडा साफ केली. सिमेंटच्या खालून एका गोल दगडाचा अर्धा भाग डोकावत होता. ज्यावर खांब उभा करतात तसला दगड, मध्ये खळगा असलेला. दुसऱ्या बाजूलाही तसाच एक.

हरणाबाई त्या दगडाकडे बघत राहिली. मग एकदम म्हणाली, “हितं हुता खांब. ह्या जागी. मी नवी आले तवा ह्याच खांबाला टेकून बसवलं हुतं मला. आता हायेत ते खांब सरकून हायेत. मला कळलंच न्हाई...”

तिनं वर पाहिलं. मीही पाहिलं. डोक्यावर माळा होता. त्याच्या फळ्या, त्याची आडवी तुळई, सगळं फिकट लाकडाचं. माजघरातला माळा मात्र जुना, धुरानं काळाभोर झालेला.

तिच्या मनात काय जुळत गेलं ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ती भिंतीचा आधार घेत खाली बसली.

“वैनी,” लालासाहेब म्हणाले, “दादासोला आणि गुंडाला निरोप धाडतो. आत्याबाई बी येतीलच. पण तुमची तयारी नसंल तर आज नको.”

“आजच,” हरणाबाई म्हणाली.

५

दुपारी सगळे सोप्यात जमले. दादासो आत आले, उकरलेली जमीन पाहिली आणि दारातच थबकले. गुंडा त्यांच्या मागं होता. त्यानं टोपी काढून हातात घेतली. साळूबाई खांबाशी बसल्या होत्या. वाळून गेलेली म्हातारी, पण नजर धारदार.

“कुणाला इचारून उकरलं?” दादासोंचा आवाज चढला.

“मला,” हरणाबाई म्हणाली.



लालासाहेबांनी आवाज चढवला नाही. शेजाऱ्याशी गप्पा मारल्यासारखं ते बोलत होते.

“दादासो, मला दाखला लिहायचाय. त्यात काय लिहायचं ते सांगतो, चुकलं तर सांगा. मागची भिंत पडली न्हाई. देवळीतल्या काजळीनं ते सांगितलं. आता पुढचं. ह्या सोप्यात दोन खांब हुते, त्यांच्यावर तुळई, तुळईवर माळा. खांबांचे दगड हे इथं हायेत. गिरणीचा ओटा त्या दगडांवर चढलाय. म्हंजे ओटा घातला तवा खांब काढलेले हुते. एका जागी खांब आणि ओटा दोन्ही राहू शकत न्हाईत. वैनी दिवाळीला गेल्या तवा खांब हुते. म्हंजे खांब काढले ते दिवाळी आणि भूकंपाच्या दरम्यान.”

“म्हनून काय झालं? भूकंपानंतर काढले आसतील,” दादासो म्हणाले.

“मग हे बोल्ट कुणी वाकवले? भूकंपानंतर ओटा घातला आसता तर त्याच्यावर माळा पडला कधी? ओटा आधी, खांब त्याच्याबी आधी गेलेले, आणि मग वरनं तुळई आली. तिची ढलपी अजून फटीत हाय. जुन्या लाकडाची, काळी.”

बाहेर विहिरीवर इंजिन चालू होतं, त्याचा तेवढा आवाज येत होता.

“माळ्यावर काय हुतं?” लालासाहेबांनी विचारलं.

उत्तर गुंडानं दिलं. “भुईमुगाची पोती. लय हुती. मी म्हनलं हुतं मालकास्नी, पोती उतरवा, टेकू द्या, मग खांब काढा. मालक म्हनलं, दोन दिवसात गिरणी बसती, मग लोखंडी तुळईच घालू.”

“गुंडा!” दादासो ओरडले.

“बास झालं, मालक. सहा वरसं त्या गिलाव्याकडं बघून मान खाली घालून जातोय मी.” गुंडा हरणाबाईकडे वळला. “वैनी, मी त्या पहाटं गोठ्यात निजलो हुतो. जमीन हलली आन सोप्यात आवाज झाला. मालक उसाला पाणी पाजायला गेलं हुतं, ते पळत आलं. दोघांनी मिळून पोती काढली, तुळई उचलली. जोतीबा गेला हुता. आपल्या जागेवर, आपल्या घोंगड्यावर. इथंच.”

दादासो मटकन खाली बसले. तो रुबाब कुठंच उरला नव्हता.

“भूकंपानं मारलं त्येला,” ते पुटपुटले. “सगळीकडंच मानसं मेली. मी काय मुद्दाम केलं?”

“मुद्दाम न्हाई,” लालासाहेब म्हणाले. “पण माजघराचा माळा बघा. त्याच मापाचा, त्याच वयाचा. त्याखाली तुमची आई निजली हुती. तिच्या अंगावर मातीबी पडली न्हाई, कारण तिथले खांब जागच्या जागी हुते.”

दादासोंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

आता मला वाटलं, सगळं उलगडलं. पण लालासाहेब अजून बसले नव्हते. ते म्हणाले, “एका गोष्टीचा मला अर्थ लागत न्हाई. सोपा लपवायचा हुता, समजलं. मानसं परड्याकडनं आत घेतली, समजलं. मागच्या खोलीवर खापर फोडलं, तेबी समजलं. पण जोतीराम रुसून तिथं गेला, हे कशाला? भिंतीचं नाव पुरेसं हुतं की. त्यात वैनीला ओढायची गरज काय हुती? दादासो, हे तुमचं डोकं वाटत न्हाई.”

दादासोंनी हात काढले नाहीत. आणि खांबाशी बसलेल्या साळूबाई म्हणाल्या,

“माझं डोस्कं ते.”

६

हरणाबाई सासूकडे वळली. सहा वर्षं तिनं त्या बाईचं न्हाणंधुणं केलं होतं, पाय चेपले होते. माझ्यामुळे हिचा मुलगा गेला, या एकाच विचारापायी.

“जोत्या कायम सोप्यात निजायचा हे सगळ्या भावकीला ठावं,” साळूबाई सांगू लागल्या. आवाज खरखरीत, पण कुठं अडखळत नव्हता. “मागच्या खोलीत मेला म्हनलं की कुनीबी इचारनार, तिकडं कशाला गेला? कायतरी सांगाया पायजे हुतं. तू हितं न्हवतीस. तुझं नाव घेतलं की कुनी पुढं इचारलं न्हाई. एक लेकरू गेलं हुतं, दुसरं तुरुंगात गेलं आसतं. मला दुसरं काय सुचलं न्हाई.”

“आन नंतर?” हरणाबाई म्हणाली. “सहा वर्सांत कवातरी सुचलं आसंल.”

म्हातारीनं मान खाली घातली.

“ते रुसले हुते का माझ्यावर?” हरणाबाईनं विचारलं. “तेवढं सांगा. ते तरी खरं हुतं का?”

साळूबाई नजर वर न करता म्हणाल्या, “न्हाई. दुसऱ्या दिशी सकाळच्या यष्टीनं आष्ट्याला निघायचा हुता. तुला आनायला. मला म्हनला, आये, मागची खोली आमास्नी दे, तिथं हरणी चूल मांडंल. मी हो म्हनले हुते.”

हरणाबाईच्या तोंडून एक आवाज निघाला, रडण्याचा नव्हे, कुणीतरी पाठीवरचं ओझं एकदम ओढून घ्यावं तसा. मी उठून तिच्याजवळ गेले. तिनं माझा हात धरला, पण ती कोलमडली नाही. पदरानं तोंड पुसून लालासाहेबांना म्हणाली, “दाखल्यात सगळं लिवा. भिंत, खांब, गिरणी, समदं.”

“काय पडलं आणि काय उभं राह्यलं, एवढंच लिहिणं माझं काम,” लालासाहेब म्हणाले. “बाकीचं, पोलिसात जायचं का न्हाई, ते तुमी ठरवायचं.”

दादासोंनी मान वर केली. डोळे लाल झाले होते. “तू म्हनशील तसं, हरणाबाई. चौकीत चल म्हनलीस तर चौकीत.”

हरणाबाईनं उकरलेल्या ओट्याकडे पाहिलं. बाहेरचं इंजिन बंद पडलं होतं.

“चौकीत न्हाई,” ती शेवटी म्हणाली. “आष्ट्याला चला. माझी आई म्हातारी झालीय. तिलाबी वाटतं, लेकीच्या हट्टानं जावई गेला. गावात कुनाच्या लग्नाला जात न्हाई ती. तिच्या दारात, चार मानसांच्या देखत, हे तुमच्या तोंडानं सांगायचं. मग मी घराची सही करीन.”

लालासाहेबांनी दाखला लिहिला. मागची भिंत धोक्याची, पाडून टाकावी. सोप्याचा माळा नवा आणि मजबूत. खांब आधी काढले होते, तेही त्यात होतं. मी घर घेतलं. टाकीचा विचार सोडून दिला आणि ती भिंत पायापासून नव्यानं बांधून घेतली. ते काम गुंडानंच केलं, आणि या वेळी लालासाहेब रोज येऊन पाया पाहायचे.

हरणाबाई मला पुन्हा भेटली ती उन्हाळ्यात. आष्ट्याहून सही करायला कचेरीत आली होती. थोरल्या मुलाकडे राहायला गेलेल्या साळूबाईंचं तिनं विचारलं, कशा आहेत, जेवतात का. पण त्यांच्या पाया पडायला गेली नाही.

“आष्ट्याला काय झालं?” मी न राहवून विचारलं.

“थोरलं भाऊजी दारात उभं राह्यलं,” ती म्हणाली. “भावकी जमली हुती. तोंडातनं शब्द फुटंना. आईनं पानी आनून दिलं. प्यायले, आन मग बोलले. सगळं बोलले, कायबी ठेवलं न्हाई. आई कायसुदिक म्हनली न्हाई, उठून आत गेली आन चुलीवर भाकरी टाकाया लागली.”

ती हसली. तिला हसताना मी प्रथमच पाहत होते.

“त्या दिशी मी पोटभर जेवले, बाई.”